भिंत पुसण्याआधी तिच्यावर कोणता रंग आहे ते ओळखा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतल्या घराला चार वर्षांपूर्वी रंग काढला. हॉल आणि बेडरूमला मॅट इमल्शन, म्हणजे पाणी घालून लावायचा बिनचमकेचा रंग, आणि स्वयंपाकघराला ऑइल पेंट दिला. दिवाळीआधी भिंती पुसायला घेतल्या. हॉलमधला एक डाग भांड्यांच्या घासणीने घासला, डाग गेला, पण तिथे चकाकणारा पट्टा राहिला. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर आतून पावसाळ्यात काळी बुरशी आली आहे, लेकीने पेन आणि स्केचपेनने भिंत भरून टाकली आहे, आणि स्वयंपाकघर चिकट झालं आहे. यावर साबण कोणता वापरू, असं तुम्ही विचारलंत.

साबणाचं आपण नंतर बघू. रंगकामात माझी हयात गेली, आणि या काळात घाणीने खराब झालेल्या भिंतींपेक्षा पुसताना खराब झालेल्या भिंती मी जास्त पाहिल्या. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. भिंतीवर कोणता रंग आहे हे न बघता हात चालवलेला असतो. एका रंगाला जे चालतं त्याने दुसरा उतरून येतो. तुमच्याकडे काय दिलंय ते तुम्हाला माहीत आहे, तरी खात्री करून घ्या. रंगाऱ्याने सांगितलेला रंग आणि भिंतीवर लागलेला रंग दर वेळी एकच असतो असं नाही.

सोफ्यामागे किंवा दारामागे, सहसा कुणाचं लक्ष जात नाही अशा जागी कोरडा तळहात फिरवा. पांढरी पूड लागली तर तो चुना किंवा पाण्यात कालवायचा साधा डिस्टेंपर आहे. त्याला पाणी लावायचंच नाही. मऊ कुंच्याने झटकायचं आणि फारच मळला तर नवा हात द्यायचा. कोकणात गणपतीआधी घराला चुन्याचा हात देतात तो यासाठीच. चुन्यावर व्हिनेगर किंवा लिंबू तर मुळीच नको, आम्लाने चुना विरघळतो.

पूड लागली नाही तर पांढरा फडका ओला करून घट्ट पिळा आणि त्याच जागी आठ-दहा वेळा हलकेच फिरवा. फडक्यावर रंग उतरला तर तो ऑइल बाउंड डिस्टेंपर, ज्याला आम्ही ओबीडी म्हणतो. तो पिळलेल्या फडक्याने एकदा पुसता येतो, धुता येत नाही. गडद लाल, गडद निळ्या इमल्शनचाही थोडा रंग फडक्याला लागतो, त्यामुळे गडद भिंतीवर या एकाच परीक्षेवर विसंबू नका.

रंग उतरला नाही तर भिंतीवर इमल्शन किंवा ऑइल पेंट आहे. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर घ्या आणि कोपऱ्यात चोळा. रंग नरम पडून बोळ्याला लागला तर इमल्शन, जागचा हलला नाही तर ऑइल पेंट. पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून ही दोन मिनिटं वाचवू नका.

आता तुमचा चकाकणारा पट्टा. मॅट रंगात पूड जास्त आणि ती धरून ठेवणारा चिकट घटक, म्हणजे बाइंडर, कमी असतो. त्यामुळे वाळल्यावर पृष्ठभाग डोळ्यांना न दिसण्याइतका खडबडीत राहतो. पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि भिंतीला चमक येत नाही. घासणीने किंवा जोर लावून चोळलं की ते बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. तिथे उजेड सरळ परत येतो आणि खिडकीच्या बाजूने पाहिलं की पट्टा उठून दिसतो. तो मळ नाही, म्हणून कशानेही पुसला जाणार नाही. हल्ली ऑनलाइन मिळणारा पांढरा ‘मॅजिक’ स्पंजही हेच करतो. तो मेलामाइनचा असतो आणि काम अतिशय बारीक पॉलिश पेपरचं करतो. ऑइल पेंटवर किंवा चमकदार इमल्शनवर हलक्या हाताने तो चालेल, मॅटवर नको.

सामान फार लागत नाही. दोन बादल्या लागतात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक नुसत्या पाण्याची. एकाच बादलीत फडका बुचकळत राहिलात तर पहिल्या भिंतीचा मळ तुम्ही दुसऱ्या भिंतीला लावता. मऊ स्पंज किंवा मायक्रोफायबरचं कापड घ्या, आणि कोरडं करायला जुनी पांढरी सुती चादर फाडून घ्या. लाल-पिवळे नवे डस्टर भिंतीपाशी आणूच नका. त्यांचा रंग सुटतो, आणि फिक्या भिंतीवर बसलेला डस्टरचा गुलाबी ओघळ काढणं मूळ डागापेक्षा अवघड जातं. पाणी कोमट असावं. त्यात भांड्यांचं साधं लिक्विड, ५ लिटर पाण्याला चहाचा एकच चमचा. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, असं भिंतीच्या बाबतीत होत नाही. साबण मागे राहिला तर भिंत किंचित चिकट राहते आणि महिन्याभरात तिच्यावर आधीपेक्षा जास्त धूळ बसते. निळा काच पुसायचा स्प्रे, कपड्यांची पावडर, भांड्यांची पावडर, तारेची घासणी हे सगळं बाजूला ठेवा.

पाण्याआधी कोरडं काम पूर्ण करा. जळमटं आणि धूळ छतापासून खाली येत काढायची. लांब दांड्याच्या झाडूला मऊ कापड गुंडाळलं की पुरतं. कोळिष्टकं दाबून पुसू नका, वर उचलून घ्या, नाहीतर काळी रेघ उमटते. एसीच्या वर, ट्यूबलाइटच्या वर आणि पंख्याभोवती छतावर जी काळपट छटा असते ती उष्ण किंवा वेगाच्या हवेबरोबर आलेली धूळ असते. ती कोरडी असताना जवळजवळ सगळी निघते, ओली केलीत की भिंतीत मुरते.

धुताना मात्र दिशा उलटी. खालून सुरुवात करून वर जायचं. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, पण कारण साधं आहे. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या, धुळकट भिंतीवरून जातात, तिथेच शोषले जातात आणि उभे पट्टे कायम राहतात. खालचा भाग आधीच ओला आणि स्वच्छ असेल तर त्यावर आलेला ओघळ एका फडक्याने निघतो. हात पोहोचेल एवढा, साधारण तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच तुकडा घ्या. पिळलेल्या स्पंजने साबणाचं पाणी लावा, अर्धा मिनिट थांबा, हलक्या हाताने गोल फिरवून पुसा, दुसऱ्या बादलीतल्या पाण्याने साबण काढा, लगेच सुती कापडाने टिपून घ्या. मग वरचा तुकडा, आधीच्या तुकड्यावर चार बोटं चढवून. एक भिंत घेतली की कोपऱ्यापर्यंत संपवायची. मध्येच जेवायला उठलात तर वाळलेली कड नंतर दिसत राहते. वर हात करून काम करताना पाणी कोपरापर्यंत येतं, त्यासाठी मनगटाला नॅपकिन बांधा. तुमच्याकडे बोअरिंगचं पाणी येत असेल तर शेवटचं पुसणं पिण्याच्या पाण्याने करा. जड पाण्यातले क्षार गडद भिंतीवर पांढरे डाग सोडतात.

स्विचबोर्डांभोवती हातांचे डाग सगळ्यात जास्त असतात आणि पाणीही तिथेच धोक्याचं. त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे वीज बंद करायचा खटका, खाली करा, कापड जवळजवळ कोरडं होईपर्यंत पिळा आणि बोर्डाकडून बाहेरच्या दिशेने पुसा. स्प्रे मारू नका.

स्वयंपाकघराच्या भिंतीशी जोर करून उपयोग नाही, तिला वेळ द्यावा लागतो. फोडणीचं तेल वाफेबरोबर उडून भिंतीवर बसतं. ताजं असताना ते तेल असतं, दोन पुसण्यांत निघतं. पण उष्णता आणि हवा लागून ते महिन्यांनी घट्ट होत जातं आणि पिवळा डिंक तयार होतो. त्याला साबणाचं पाणी नुसतं लावून भागत नाही. सोसवेल इतक्या गरम साबणाच्या पाण्यात जुना फडका भिजवा, हलका पिळा आणि चिकट भागावर दहा मिनिटं चिकटवून ठेवा. मग पुसा. गरज पडली तर पुन्हा ठेवा. तुमच्याकडे ऑइल पेंट आहे, तेव्हा शेगडीमागच्या भागासाठी अर्ध्या बादलीला चमचाभर धुण्याचा सोडा घालता येईल. हातमोजे घाला, पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि दोनदा साध्या पाण्याने पुसून घ्या. सोड्यासारखे अल्कली पदार्थ ऑइल पेंटमधल्या तेलाचाही साबण करतात. जास्त वेळ राहिले तर चमक जाते आणि रंग मऊ पडतो. कॉस्टिक सोडा तर चुकूनही नको. यापुढे आठवड्यातून एकदा, ओटा पुसताना, शेगडीमागची भिंतही पुसून घेतलीत तर हा सगळा खटाटोप वर्षभर करावा लागणार नाही.

हळदीच्या डागाला पहिला साबण लावू नका. हळदीचा पिवळा रंग अल्कली लागला की लाल-तपकिरी होतो आणि माणसं घाबरून आणखी जोरात घासतात. आधी कोमट पाण्याने टिपा. लाल झालाच असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपा, तो पुन्हा पिवळा होतो. उरलेली पिवळी झाक तशीच सोडा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, खिडकीजवळचा डाग काही दिवसांत फिका पडतो. डास मारल्याचा रक्ताचा ठिपका नेहमी थंड पाण्याने पुसा, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

देव्हाऱ्यामागची काजळी हा आपल्या घरांतला खास प्रकार आहे, त्यावर थोडं जास्त लिहितो. उदबत्ती, निरांजन, कापूर यांची काजळी अतिशय बारीक आणि तेलकट असते. ओलं कापड लावलंत की ती पसरते आणि मॅट रंगात शिरते. म्हणून आधी कोरडीच काढायची. घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा घ्या, तेल न लावलेला आणि हाताला न चिकटणारा. तो भिंतीवर हलका दाबून उचलायचा, घासायचा नाही. काळा झाला की आतली बाजू बाहेर काढायची. ही युक्ती नुसती आजीबाईच्या बटव्यातली नाही. अमेरिकेत घरोघर कोळसा जळत होता तेव्हा वॉलपेपरवरची काजळी काढायला पीठ आणि मिठाचा असाच लगदा डब्यांत विकला जायचा. सिनसिनाटीच्या कुटोल कंपनीचा तो लगदा पुढे मुलांच्या खेळण्यासाठी म्हणून ‘प्ले-डो’ या नावाने १९५६ मध्ये बाजारात आला. कणीक फिरवल्यावर जे उरेल त्याला साबणाचं पाणी. कणकेचे कण भिंतीवर राहू देऊ नका, मुंग्या येतात.

लेकीची चित्रकला. आधी कोणतं काय ते वेगळं करा. पेन्सिल असेल तर पांढरं, मऊ खोडरबर. स्केचपेन सहसा पाण्यात विरघळतो, पिळलेल्या फडक्याने टिपा, चोळू नका, नाहीतर रेघेचा ढग होतो. मेणाचे खडू असतील तर हेअर ड्रायरने जरा दुरून ऊब द्या आणि मेण मऊ होताच टिश्यूने टिपा. बॉलपेनला स्पिरिट लागतं, आणि वर सांगितलं तसं स्पिरिट इमल्शनलाही विरघळवतं. म्हणून कान साफ करायच्या काडीला किंचित लावून नेमकं रेघेवरूनच फिरवायचं, दर वेळी नवी काडी. पूर्ण जाईल असं धरून चालू नका, ऐंशी टक्के गेलं तरी थांबा. पर्मनंट मार्कर मॅट इमल्शनवरून भिंत न बिघडवता जात नाही. त्यावर तोच रंग मारलात तर मार्कर खालून पुन्हा वर येतो, दोन हात मारा नाहीतर तीन. आधी तेवढ्या भागावर ऑइल प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या तेलाच्या अस्तराचा, हात, तो वाळल्यावर इमल्शन, हाच उपाय. डोक्याच्या तेलाचे दिवाणामागचे डाग त्याच जातीचे. ताजा असेल तर टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, तेल ओढून घेते. जुना असेल तर ऑइल प्रायमर.

आता बेडरूमची बुरशी. ती पुसण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा, कारण ओल तशीच राहिली तर पुढच्या पावसात बुरशी परत येणारच. त्याच भिंतीच्या स्वच्छ जागी हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या गिलाव्याची भेग, खिडकीच्या चौकटीची फट, पलीकडचं बाथरूम किंवा वरच्या मजल्याची गळती, यांपैकी काहीतरी असणार, आणि तो प्लंबरचा किंवा सोसायटीचा विषय आहे. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर खोलीतलीच दमट हवा गार भिंतीवर पाणी सोडते आहे. मग कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पावसाळ्यात त्या खोलीत कपडे वाळत घालू नका, दिवसातून थोडा वेळ पंखा आणि खिडकी चालू ठेवा. ही परीक्षा पावसाच्या दिवसांतच खरं सांगते, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत कोरडी दिसेल.

बुरशी कधीही कोरडी झाडू नका, तिचे बीजाणू घरभर उडतात. मास्क आणि हातमोजे घाला, खिडक्या उघडा, दम्याचा त्रास असलेल्यांना आणि लेकीला त्या खोलीबाहेर ठेवा. आधी साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा आणि तो फडका टाकून द्या. मग एक भाग घरगुती ब्लीच, दहा भाग पाणी असं मिश्रण स्पंजने लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने पुसा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. रंगीत भिंतीवर आधी कोपऱ्यात करून बघा, ब्लीचने रंग फिका पडू शकतो. आणि हे नीट लक्षात ठेवा: ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास साफ करायचं आम्लाचं लिक्विड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळायचं नाही, एकामागोमाग एक लावायचंही नाही. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. काळी बुरशी नसून मिठासारखी पांढरी भुकटी आणि पोपडे असतील तर ते भिंतीतून आलेले क्षार आहेत. ते मात्र कोरड्या ब्रशनेच काढायचे, पाणी लावलं की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

काही गोष्टी मळासारख्या दिसतात पण मळ नसतात. स्वयंपाकघरात फ्रिज हलवल्यावर त्यामागचा पांढरा ऑइल पेंट पिवळा दिसेल. ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो, तो रंगाचा गुण आहे. कितीही धुतलंत तरी तो जाणार नाही, उजेड मिळाला की हळूहळू थोडा कमी होतो. नव्या इमल्शनवर, विशेषतः दमट हवेत, मधासारखे तपकिरी चिकट ओघळ दिसले तर ते रंगातलेच साबणासारखे घटक पाण्याबरोबर वर आलेले असतात, साध्या पाण्याने जातात. पण एकंदरीत नवा रंग महिनाभर धुऊ नये. हाताला वाळलेला लागला तरी आतून पक्का व्हायला त्याला तेवढा वेळ लागतो.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः दारं, खिडक्या आणि ग्रीलवर, शिसं जास्त असू शकतं. तसा रंग पोपडे धरत असेल तर कोरडा घासू नका, ओल्या फडक्याने पुसा, पोपडे गोळा करून टाका आणि रांगणाऱ्या मुलांना तिथून दूर ठेवा.

तुमच्या घरासाठी क्रम सांगतो. घटस्थापनेच्या आसपास पाऊस ओसरला की दोन कोरडे दिवस बघून बेडरूमपासून सुरुवात करा, कारण ब्लीचनंतर ती भिंत वाळायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. मग स्वयंपाकघर. हॉल सगळा धुऊ नका. मॅट भिंत फक्त कोरडी झटका आणि डाग आहेत तेवढंच टिपा. चकाकणारा पट्टा आणि बॉलपेनची उरलेली रेघ यांच्यासाठी शेवटी रंगच लागेल. तो नुसता पट्ट्यावर लावू नका. चार वर्षांत भिंत थोडी फिकी झालेली असते, त्याच शेडचा नवा रंगही चौकोनी ठिगळासारखा दिसतो. ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवा, बाकीच्या तीन तशाच राहू द्या. कोपऱ्यात उजेड बदलतो, तिथे शेडमधला फरक डोळ्याला कळत नाही. जुन्या डब्यात रंग उरला असेल तर झाकण उघडून वास घ्या. कुजका वास आला किंवा ढवळूनही गुठळ्या राहिल्या तर तो वापरू नका, पण झाकणावरचा शेडचा नंबर आणि रंगाचा पूर्ण प्रकार लिहून घ्या आणि दुकानात तोच दाखवून एक लिटर मिक्स करून आणा. फिनिशही मॅटच मागा, शेड तीच असून फिनिश वेगळं आलं तर ती भिंत वेगळी दिसेल.